बिनभांगेची थंडाई

शेजारच्या काकांच्या थंडाईत मी मुद्दाम भांग घातली नाही, ही चूक माझीच. आदल्या महाशिवरात्रीला आमच्या लालबागच्या चाळीत भांगेच्या तारेत ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुझा गेलेला बाप दिसला रे. म्हणाला, हॉस्पिटलात पोरगा आलाच नाही." वर्षभर मी ते पोटात ठेवलं. यंदा पेले मीच भरले.

काकांनी दोन घोट घेऊन डोळे मिटले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आमची ही आलीय बघ."

"नुसत्या दुधावर?" मी ओरडलो. "तुमच्या पेल्यात भांगच नव्हती! नाटकी कुठले!"

अख्खी गॅलरी हसली. मलाही बरं वाटलं. काकांनी पेला खाली ठेवला. "तरी आली होती रे," म्हणत ते आत गेले.

सकाळी मी त्यांचं दार वाजवलं. "काका, माफ करा. बाबांकडे मी खरंच गेलो नव्हतो."