ओल्या पायरीवर उतरण्याची तालीम

माळढोक मी कधी पाहिला नाही, हे सांगायची मला आजही लाज वाटते. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक असताना माझी काही वर्षं कर्जत तालुक्यात गेली. कालव्याच्या कडेकडेनं चालायचं, पाणी बघता बघता पक्षीही बघायचे, हा माझा रोजचा उद्योग. माळढोकाचा माळ तिथून मोटारसायकलवर तासाभराच्या आत होता. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, पाण्याचं आवर्तन संपलं की जाऊ, असं करता करता बदली झाली. आता त्या माळावर माळढोक दिसत नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.

म्हणून निवृत्तीनंतर पफिन बघायचं ठरवलं तेव्हा ‘बघू पुढे’ हे शब्द घरात कुणी काढायचे नाहीत, असं मी बायकोला बजावलं. पफिन हा कबुतराहून लहान, काळापांढरा, नारिंगी चोचीचा समुद्रपक्षी. वर्षातले बरेच महिने तो भर समुद्रात काढतो आणि उन्हाळ्यात तेवढा पिलं वाढवायला अटलांटिकमधल्या बेटांवर येऊन बिळात राहतो. आम्ही निवडलेलं बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला आहे. त्यावर वस्ती नाही, बोट लागायला धड धक्काही नाही. शेजारच्या मोठ्या बेटावर आठवडाभर मुक्काम करायचा आणि हवा बरी असेल त्या दिवशी छोट्या बोटीनं तिकडे जायचं, असा बेत होता.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली की एवढ्या लांब जाताच आहात तर धड पाच-सहा देश तरी बघा, मराठी जेवण देणाऱ्या सहली असतात. आम्ही आता राहतो त्या सोनई गावातल्या शेजाऱ्यांचं म्हणणं वेगळंच. आपल्या बांधावर मोर नाचतो आणि हा गृहस्थ विमानात बसून पाखरं बघायला निघाला, यावर त्यांची संध्याकाळ मजेत जायची. मी कुणाशी वाद घातला नाही. पासपोर्ट काढले, व्हिसाचे कागद जमवले, बेटाचा नकाशा भिंतीवर डकवला. बायकोला पक्ष्यांत काडीचा रस नाही. ज्वारी खाणारं पाखरू आणि न खाणारं पाखरू, एवढ्या दोनच जाती तिला ठाऊक. पण तुम्हाला एकट्याला सोडलं तर तुम्ही भलत्याच विमानात बसाल, म्हणून मी येते, असं तिनं जाहीर केलं.

सगळं जुळत आलं आणि बोटवाल्याचा फॉर्म मोबाईलवर आला. प्रत्येकाच्या नावापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: कुणाच्या आधाराशिवाय हलत्या बोटीतून ओल्या दगडी पायरीवर उतरू शकाल का? ज्यांना जमणार नाही त्यांनी बोटीतच बसावं, बोट बेटाभोवती फिरत राहते. पण उत्तर खरं द्या, कारण एक माणूस मध्येच अडला तर सगळ्यांचं उतरणं थांबतं, असंही खाली लिहिलं होतं. उत्तराला महिनाभराची मुदत होती.

माझा उजवा गुडघा उतरताना मध्येच अडकतो. हे मी घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं. जिना उतरताना मी मोबाईल काढायचो, म्हणजे सावकाशीला कारण मिळायचं. पण एका गुडघ्यापायी नाही लिहायला मी तयार नव्हतो. महिना हातात होता. तालीम करायची ठरवली.

जवळच प्रवरासंगमाला नदीचा घाट आहे, ओल्या पायऱ्या आहेत आणि मासेमारांच्या होड्याही आहेत. त्यातल्या एका होडीवाल्याला गाठलं. आधी त्याला वाटलं, आम्ही अस्थी घेऊन आलोय. खरं कारण ऐकल्यावर तो बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला की इथं लाटा नाहीत, पण होडी मी हलवतो. दोन्ही पाय फाकवून तो असा काही डोलायचा की होडी पायरीला वर-खाली घासत राहायची. त्याची शिकवण थोडक्यात होती. होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही, आणि नजर पायरीवर ठेवायची, पाण्यावर नाही.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आम्ही घाटावर जायला लागलो. बायको पदर खोचून पहिल्याच दिवशी टुणकन उतरली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढण्या-उतरण्यात जन्म गेलेल्या बाईला होडीचं काय कौतुक. मला मात्र दर वेळी होडीवाल्याचा खांदा लागायचा. एकदा दर्शनाला आलेल्या एका बाईंनी बायकोला विचारलं की हा कुठल्या देवाचा नवस, आणि किती वेळा उतरायचं असतं. बायकोनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की अकरा वेळा, यजमानांचा गुडघा बरा होतो. गुडघ्याचं हिला केव्हाच कळलंय, हे मला तेव्हा समजलं.

मग मी इरेलाच पेटलो. सकाळ-संध्याकाळ तेल, पट्टा, गच्चीच्या जिन्यावर फेऱ्या. एके दिवशी आधाराशिवाय उतरलोसुद्धा. त्याच्या पुढच्याच खेपेला एक पाय पायरीवर, एक होडीत असताना गुडघा अडकला, होडी सरकली, आणि मी होडीवाल्याला मिठी मारून त्याच्यासकट कमरेएवढ्या पाण्यात बसलो. मला बाहेर काढून त्यानं आधी माझी चप्पल शोधली.

घरी येऊन कपडे बदलले आणि फॉर्म उघडून दोघांच्या नावापुढे हो लिहिलं. एकदा उतरलो होतो, म्हणजे उतरता येत होतं. बायकोला तेवढं इंग्रजी वाचता येतं. ती शेजारी येऊन बसली.

“कालव्याच्या मोजपट्टीवर दिसतंय त्याच्यापेक्षा जास्त पानी कदी लिवलं का तुमी वहीत?”

नाही, म्हटलं. आमदाराच्या माणसानं दम दिला तेव्हाही लिहिलं नव्हतं.

“मग आताच का लिवताय?”

मी तिला सांगितलं की मला भीती वाटते. पाण्याची नाही. इतक्या लांब जाऊन, पक्षी बिळाच्या तोंडाशी उभा असताना, मी पुन्हा हात चोळत बसेन याची. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्यापुढे भीती वाटते असं मी पहिल्यांदाच म्हणालो, आणि म्हणताना मला रडू आलं. तिनं माझे डोळे पुसले नाहीत की पाठीवर हात ठेवला नाही. बसून राहिली. शेवटी मी माझ्या नावापुढचं हो खोडून नाही लिहिलं. मग तिला म्हणालो, तू उतर, आणि माझ्यासाठी सगळं नीट बघून ये.

“तुमच्यासाठी न्हाई बगनार,” ती म्हणाली. “मी उतरनार तर माज्यासाठी बगनार. तुमी तुमचं बोटीतून बगा.”

मला ते लागलं. पण जिथं माझी बदली तिथं ती बिऱ्हाड घेऊन आली, आणि तुला काय बघायचंय असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. फॉर्म तसाच पाठवून दिला.

गुरुवारी ती सकाळीच तयार होऊन उभी. आता तालमीची काय गरज, असं विचारलं तर म्हणाली की माझी तालीम राहिलीय, आणि तुम्हाला होडीत नुसतं बसायची सवय करायचीय. तेही खरंच होतं. त्या दिवशी ती एकदाच उतरली आणि होडीवाल्यानं मला घेऊन होडी लांब नेली. मी वळून हात हलवला. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाण्यावरून एक नदीसुरय पक्षी खाली-वर करत चालला होता आणि ती कपाळावर हात धरून मान वळवत वळवत त्याच्याकडे बघत होती. परत आल्यावर त्याचं नाव सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.