बाहेरच्या खोलीतली रांगोळी

दिवाळी तोंडावर आली तरी हवेत गारव्याचा पत्ता नव्हता. नाहूरला सकाळीच ऊन खिडकीच्या जाळीतून आत घुसायचं, आणि मंजुळाच्या घरात तर बाहेरच्या खोलीचा पंखा बंद. बटणावर तिने चिकटपट्टी मारून ठेवली होती, कारण वारा लागला की रांगोळी उडते. दरवर्षीचंच होतं ते. सोफा उभा करून भिंतीला लावायचा, टीपॉय गॅलरीत टाकायचं आणि मधल्या फरशीवर कुणाचा तरी भलामोठा चेहरा काढायचा. सगळी बिल्डिंग बघायला यायची. घरातली माणसं तेवढे दिवस भिंतीला पाठ घासत कडेकडेने ये-जा करायची.

त्या सकाळी पोटाखाली उशी घेऊन ती पालथी पडली होती आणि चिमटीतून मिशी सोडत होती. पांढऱ्यात काळं, काळ्यात थोडं करडं. मिशी अण्णांची होती.

अण्णा म्हणजे तिचे सासरे, बळवंत परब. भांडुपच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे सुनेच्या रांगोळीत त्यांची लुडबुड असायचीच. मलमलीच्या फडक्यातून रांगोळी चाळून द्यायचं काम त्यांचं. चाळता चाळता तोंड चालू.

"गो मंजुळा, दरवर्षी त्या पुढाऱ्यांची नि नट्यांची थोबाडां काढतंस. एकदा माझा काढ मगे. मी काय वाईट दिसतंय?"

"तुम्ही गेलात की काढीन," मंजुळा म्हणायची. "तुम्ही असताना काढलं तर नाकात शंभर चुका काढाल."

"मेल्यावर माका काय दिसतला?"

"म्हणूनच तर!"

दोघं हसायची. किरण, तिचा नवरा, आतून ओरडायचा, "सणासुदीचं काय अभद्र बोलत बसता रे!"

यंदा अण्णा मुलुंडच्या हॉस्पिटलात मशीनवर होते. डॉक्टरांनी किरणला बाजूला घेतलं आणि गावाला कळवायचं असेल तर कळवून ठेवा म्हणाले. मंजुळा घरी आली, सोफा उभा केला, बटणावर पट्टी मारली आणि अण्णांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो पुढ्यात घेऊन बसली. रडली नाही. आत भेटायला सोडायचे ते सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ. मधल्या वेळात हातांना काहीतरी लागतंच. आपण कुणाचा चेहरा काढतोय नि का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. चेहऱ्याभोवती झेंडूच्या फुलांचा हारही सोडून झाला.

मिशी अर्ध्यावर असताना किरणचा फोन आला.

"अगं, अण्णांना घरी सोडतायत. मशीन काढलं, शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणतात, इथे ठेवून आता काही फायदा नाही, आहेत ते दिवस घरात जाऊ देत. ते पण घर घर करतायत. बेड सांगितलाय भाड्याने, माणूस येईलच. जागा कर." मग जरा अडखळून म्हणाला, "बाहेरच ठेवावा लागेल. आतल्या दारातून जात नाही तो, मी माप विचारलं."

"बरं."

"ती रांगोळी..."

"बरं म्हटलं ना."

फोन ठेवून तिने मिशीचं उरलेलं टोक पुरं केलं. अर्धं सोडायची हाताला सवय नव्हती.

शेजारच्या जयंतीकाकी बातमी ऐकून धावत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"मग आता हे?"

"पुसायचं."

"जित्या माणसाचं तोंड पुसणार? दिवाळीत? हात कसा धजावेल गं?"

"मग तुम्ही पुसता?"

"मी? नको गं बाई, माझ्याच्याने नाही होणार." काकी वाकल्या, पुन्हा ताठ झाल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यात हा हार. फोटोला हार कधी घालतात, कळतं ना तुला?"

मंजुळाला ते कळत होतं. अण्णा त्या दारातून येणार आणि पहिली नजर फरशीवर टाकणार. सुनेने आपल्याला गेल्यातच धरलं, हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागणार नव्हतं.

तेवढ्यात सर्जिकलच्या दुकानातला धवल दोन हमाल आणि बेड घेऊन वर आला.

"ताई, कुठे टाकू? अरे बापरे! हे तुम्ही काढलं? एक नंबर!"

"पाय नका ठेवू," ती पटकन म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं. "थांबा जरा. पुसते."

"पुसते? काय यार ताई, एक फोटो तरी काढू द्या!"

"फोटो नको."

"मग पंखा तरी लावा ना, वाट लागली गर्मीने."

"पंखा अजिबात नको!"

पंखा लावला असता तर पुसायची वेळच आली नसती. पण मग अण्णा घरभर झाले असते. कपाटावर, गाद्यांवर, गॅसच्या ओट्यावर.

ती पुठ्ठा आणि सुपली घेऊन बसली. आधी झेंडू ओढला, मग कान, मग गाल. मिशी शेवटी. रंगात रंग मिसळले आणि सगळ्याचा मिळून ओल्या सिमेंटसारखा एकच रंग झाला. तो तिने जुन्या डब्यात भरला. फरशीच्या सांध्यात काळं अडकलं होतं, ते हेअरपिनने काढलं, वर ओलं फडकं मारलं. आत काहीतरी हलेल म्हणून ती वाट बघत होती. कंबर दुखली, एवढंच. जयंतीकाकी दारात पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. मंजुळाला वाटलं, बरं झालं, कुणीतरी रडतंय.

दुपारी किरणने आणि वॉचमनने अण्णांना खुर्चीत बसवून लिफ्टने वर आणलं. आत येताच अण्णांनी खाली पाहिलं. स्वच्छ फरशी. बेडवर टेकवल्यावर ओठ हलले.

"फॅन लाव गो."

तिने चिकटपट्टी खरवडून काढली आणि बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरायला लागला. अण्णा तिच्या बोटाला चिकटलेल्या पट्टीकडे बघत होते.

"पट्टी मारलेलंस. म्हणजे काढलेलंस तू."

"घेतली होती काढायला. बेडला जागा पाहिजे म्हणून पुसली."

"कोणाचा तोंड?"

किरण भिंतीकडे बघायला लागला.

"कुणाचं नाही. झेंडूची फुलं नुसती."

"फुलां?" अण्णांनी दम घेतला. "त्यापेक्षा माझा काढूचा होता."

"तुम्ही असताना कशी काढणार?"

अण्णांच्या छातीतून हसल्यासारखं काहीतरी निघालं, त्याचा खोकला झाला. किरणने पाठ चोळली. "होय ता," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पाणी दी गो. माझ्या तांब्यातला."

इतके दिवस कुणी न वापरल्याने अण्णांच्या तांब्याला हिरवट थर चढला होता. मंजुळाने मोरीपाशी बसून तो पालथा घातला, अर्धं लिंबू पिळलं, सकाळी भरलेल्या डब्यातली मूठभर रांगोळी त्यावर टाकली आणि बुडापासून घासायला घेतलं.