हलका न होणारा हात

धाकट्या भावाचा हात खुर्चीवरून आपोआप वर तरंगताना पाहिला आणि मला त्याचा राग आला. अर्धशिशी आम्हा दोघांनाही आहे, तिच्यावरच उपचार घ्यायला आलो होतो. संमोहन करणारे डॉक्टर नुसते बोलत होते आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या विरत होत्या.

मग माझी पाळी आली. "हात हलका होतोय," डॉक्टर म्हणाले. तीस वर्षं मी बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे केले आहेत. समोरच्याचे डोळे वाचल्याशिवाय माझा हात हलत नाही. मी डॉक्टरांचे डोळे वाचत बसलो.

"दादा, तू इथंही भाव पाडायला बसलास," भाऊ हसला.

डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवलं. काहींच्या मेंदूत लक्ष सांभाळणारे भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले असतात म्हणे, त्यांच्यावर संमोहन चटकन चालतं; काहींच्या तितके नसतात. "यात तुमचा दोष नाही."

तेच मला खुपलं. जमीन, घर, पत, सगळं मी झगडून मिळवलं. ही जोडणी मात्र त्याला फुकट मिळाली, तीही एकाच आईच्या पोटी. आता घासाघीस कुणाशी करायची?

परतताना ठसठसत्या डोक्यानं मी गाडी चालवत होतो. शेजारी तो गाढ झोपला होता. रस्ता मोकळा होता, तरी मी हॉर्न दाबून धरला. तो हललासुद्धा नाही.