अंदाज कुठल्या डब्यात असतो?

दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या ट्यूबा साठत जातात ना, तसे घरात किस्से साठतात. फेकायला गेलं की वाटतं, राहू दे, कधीतरी कामाला येतील. माझं सोमाटण्याला जुन्या हायवेवर पंक्चरचं दुकान. टायर उघडून होईपर्यंत गिऱ्हाईक बसतं आणि माझं तोंड सुरू होतं. सध्या माझ्याकडचा सगळा माल गेल्या रमजानचा आहे.

झालं असं, की रमजानच्या तोंडावर माझ्या बायकोच्या, रुबिनाच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, ओट्यापाशी उभं राहायचं नाही. मुलगी आफरीन बारावीच्या परीक्षेत. मग मीच जाहीर केलं, "स्वयंपाक मी करणार!" आफरीन हसून हसून खालीच बसली.

अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी आयुष्यात पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतःच्या हातानं भरून घेतलेला नाही. "बाप्या मानूस चुलीपाशी? मी जिता हाय तवर ह्येबी बगायचं व्हतं!" एवढं बोलून त्यांनी तो विषय महिनाभर काढला नाही. मी काहीही वाढलं तरी मुकाट्यानं जेवायचे. बाकी जग काय म्हणेल ते म्हणो, अब्बांनी मला पुरुषांतून काढलं, ही टोचणी होती.

*

पहिल्या दिवशी डाळ. रुबिना आतून पलंगावरून ओरडून सांगतेय, मी बाहेर घामाघूम.

"मीठ किती?"

"अंदाजानं घाला!"

"अगं, पण अंदाज कुठल्या डब्यात असतो?"

टाके दुखतात म्हणून तिला हसायची बंदी होती. ती त्या दिवशी मोडली.

*

खरी अडचण चवीची. मला, अब्बांना आणि आफरीनला रोजा. रुबिनाला औषधांमुळे रोजा नव्हता, पण त्याच औषधांनी तिचं तोंड इतकं कडू, की खीरसुद्धा कारल्यासारखी लागायची. शेवटी दुकानातला माझा जोडीदार दत्तू धावून आला. दत्तूचं गाव आंबी. रोज दुकान बंद करून गावी जाताना तो आमच्या घरी थांबायचा, तळहातावर थेंबभर डाळ घ्यायचा आणि टायर तपासल्यासारखा निकाल द्यायचा.

"हवा कमी हाय. अजून दोन पॉइंट मार!"

एका गुरुवारी मात्र दत्तू उंबऱ्यावरच थांबला. "आज न्हाई जमायचं, सलीमभाऊ. माजा उपास हाय."

एकाला रोजा, दुसऱ्याला उपास, आणि मधे डाळीचं पातेलं! दोघांनी वास घेतला. दत्तू म्हणाला, "कमी वाटतंय." मी चमचाभर मीठ टाकलं. माझं लक्ष नसताना त्यानंही चमचाभर टाकलं.

इफ्तारला आफरीननं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली. अब्बांनी वाटी संपवली, वर दोन ग्लास पाणी प्यायले आणि म्हणाले, "औंदा उन्हाळा लय हाय."

बाहेर तर अजून थंडी होती. मला त्या रात्री फार बरं वाटलं. ज्याचा बाप अशी डाळ शेवटपर्यंत खातो, त्यानं अल्लाहकडे आणखी काय मागावं?

*

मशिदीत नमाजाआधी वजूला हातपाय धुताना शेजारचे करीमभाई सगळ्यांसमोर म्हणाले, "काय सलीम, बायकोची कामं करतोस म्हणे?"

मी मान खाली घातली. मौलाना शांतपणे म्हणाले, "पैगंबरसाहेब घरात हातभार लावायचे. आपले कपडे स्वतः शिवायचे. आपण त्यांच्यापेक्षा मोठे पुरुष आहोत का?"

पलीकडच्या नळावर अब्बा होते. ते बराच वेळ पायच धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी करीमभाई दुकानात आले. टायर ठणठणीत होता. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "चपाती फुगत नाही रे. काय करू?"

*

तपासणीला रुबिनाला लोणावळ्याला नेलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "छान आराम झालेला दिसतोय. घरकामाला बाई ठेवलीय का?"

रुबिना गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "ठेवलीय ना. दाढीवाली आहे."

घाट चढून आलेल्या ट्रकवाल्यानंही ऐकलं असेल, इतकी हसली ती मोठ्यानं. इतक्या दिवसांनी तिला न दुखता हसताना पाहिलं. माझे डोळे भरून आले, मी धुळीवर ढकललं.

*

आणि ईद. दत्तूनं सकाळीच आंबीहून घरच्या म्हशीचं दूध आणलं. मी शीरखुर्मा केला. दत्तूनं चाखला, पुन्हा चाखला, मग वाटी भरूनच घेतली. "हवा टाइट!"

नमाजनंतर घर पाहुण्यांनी भरलं. करीमभाईंनी पहिला घोट घेतला आणि अब्बांना मुद्दाम विचारलं, "वा! सूनबाईनं केला?"

आफरीननं माझा हात धरला. अब्बांनी वाटी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. मग उठले. करीमभाईंची रिकामी वाटी घेतली, दत्तूची घेतली, एकेक करत सगळ्यांच्या गोळा केल्या, आणि तडक आत गेले.

चिडले, मला वाटलं. मी मागोमाग धावलो.

अब्बा मोरीपाशी उभे होते. ईदच्या नव्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, नळ सोडलेला. माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"सलीम, भांड्याचा साबन कुटं असतो रं?"