मोठ्या पोरीला मोठं पुस्तक

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, जबलपूरच्या मदन महल भागातील आमच्या राहत्या घरी उच्चस्तरीय पुस्तक निवड समिती स्थापन झाली असून तिचे अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सदस्य प्रस्तुत लेखकच आहेत. समितीचा निर्णय अंतिम राहील. समितीला निर्णय घेता येत नाही, ही बाब मात्र गोपनीय ठेवावी.

समिती नेमावी लागली आईमुळे. आमची मुलगी चौदा वर्षांची. आजीचं मराठी तिला सगळं कळतं, अगदी टोमण्यांसकट, पण उत्तर हिंदीत येतं. जबलपुरात आमच्यासारख्या घरांत असंच चालतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण एका सकाळी चहा पिता पिता आई म्हणाली, "मी इले जन्मभराच्या गोष्टी सांगितल्या. इनं मले मराठीत एक नाही सांगितली. मी गेल्यावर सांगून काय करन?"

भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर मी भांडलो असतो. तिनं हे साखर मागावी तसं म्हटलं, त्यामुळे मला काही सुचेना.

मग सुचलं. पोरीच्या हातात एक चांगलं मराठी पुस्तक द्यायचं. वाचता वाचता जीभ आपोआप वळेल. योजना इतकी सोपी होती की मी दिवसभर स्वतःवर खूश होतो. संध्याकाळी लोकांचा सल्ला घेतला आणि तिथून माझं डोकं फिरलं ते आजतागायत फिरलेलंच आहे. वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा भाऊ डिफेन्सच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, थोरांची चरित्रं दे, बाकी सगळा टाइमपास. ऑफिसातले शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, या वयात विज्ञान. बायको म्हणाली, ती वाचेल ते दे. हा सल्ला बरोबर असल्यामुळे माझ्या काही उपयोगाचा नव्हता.

इथे मराठी पुस्तकं नागपूरहून येतात, तीही कोणाच्या ना कोणाच्या पिशवीतून. दसऱ्याला आमच्यातले जे कोणी दीक्षाभूमीवर जातात, ते येताना पुस्तकं घेऊन येतात. रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाकडे कॉलनी जरा तिरकंच बघते. या खेपेला मी गेलो होतो. स्टॉलांच्या रांगेत गर्दीचे धक्के खात एका विक्रेत्यासमोर उभा राहिलो आणि चौदा वर्षांच्या मुलीसाठी काहीतरी द्या म्हणालो.

त्यानं विचारलं, वाचते का? मी म्हणालो, हिंदी धडाधड वाचते, इंग्रजी त्याहून जास्त. मराठी समजते, बोलत नाही.

त्याचा हात दोन गठ्ठ्यांच्या मधोमध थांबला. "मंग भाऊ," तो म्हणाला, "मराठीत तिचं वय किती धरू?"

इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उभ्याउभ्या विचार केला, मागच्यांनी ढकललं, आणि घाबरून मी चौदाच धरलं. मुलीसाठी एक जाडजूड रहस्यकथा घेतली. आकारानं लहान, बारीक अक्षरांची, गावातून गायब झालेल्या मास्तरची. भावाच्या आठ वर्षांच्या मुलीसाठी ताटाएवढं, ठळक अक्षरांचं, पानोपानी अस्वलाची चित्रं असलेलं पुस्तक घेतलं. आयुष्यात प्रथमच समितीचं काम वेळेत पूर्ण झालं होतं.

घरी पोचलो, पिशवी आईजवळ ठेवली आणि झोपलो. इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे उघडं पुस्तक चालत नाही. वडिलांच्या वेळेपासून घरात शिरलेल्या प्रत्येक पुस्तकाला आधी खाकी कव्हर चढतं, मग ते वाचलं जातं किंवा नाही वाचलं जात. अक्षर शिकायला आपल्या माणसांना काय काय सोसावं लागलं, तर त्याला मळका हात लागू द्यायचा? त्यामुळे मी उठेपर्यंत आईनं दोन्ही पुस्तकांना कडक इस्त्रीसारखी कव्हरं घातली होती आणि वाटपही उरकलं होतं. तिचा चष्मा दुरुस्तीला दिलेला होता. तिनं सरळ हिशोब केला, मोठ्या पोरीला मोठं पुस्तक, लहानीला लहान.

मला हे कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. पुतणी जिना उतरून आली, छातीशी जाडजूड खाकी पुस्तक धरून, आणि विचारू लागली, "बड़े पप्पा, मास्तर को किडनॅप किया है या वो खुद भागा?"

ही वाचते आहे? मग मोठी काय वाचते आहे? मी आईकडे धावलो. आई म्हणाली, "काहून घाबरून राहिला? पुस्तकच तं दिलं, विंचू नाही दिला."

तिला काय सांगणार? चौदा वर्षांच्या मुलीला चित्रांचं पुस्तक देणं म्हणजे काय असतं, हे मला माहीत होतं. ते मी स्वतः दिलं असतं तर तिनं एक भुवई वर करून ते टेबलावर ठेवलं असतं आणि आठवडाभर मला "पप्पा, मैं बच्ची हूँ क्या" ऐकावं लागलं असतं. मी पुस्तक बदलून आणायला तिच्या खोलीकडे गेलो. दार अर्धवट लोटलेलं होतं. ती पलंगावर पालथी पडली होती, खाकी कव्हर बाहेरून अगदी अभ्यासाचं दिसत होतं आणि तिचे ओठ हलत होते. एका शब्दाला अडखळून ती मागे जायची आणि तो पुन्हा म्हणायची. मध्येच खुदकन हसली.

आत जाऊन पुस्तक काढून घेऊ की नको? काढून घेतलं तर चूक, ठेवलं तर समितीची अब्रू. आठ वर्षांची चौदाचं वाचते आहे, चौदाची आठचं, आणि दोघी खूश. मग मी नागपूरला इतका वेळ निवडलं काय? दारात उभा राहून मी विचार करत होतो आणि जितका करत होतो तितकं कमी कळत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, पोळ्या थंड होऊन राहिल्या, ये लवकर. आईनं पुन्हा हाक मारली, या वेळी नावाला शेपूट जोडून. पोरीनं पान उलटलं, डोळे वर न करता, आणि चिडून ओरडली, "थांब न आजी, अस्वल शाळेत घुसून राहिला!"