तिसरं पान

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी कचेरीत जायला निघालो होतो. शेजारच्या गंगाकाकीनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. "दत्तू गेला. तीन दिवस झाले. तू तेराव्याला तरी ये." रजा मागायला गेलो, तर आमच्या साहेबांनी विचारलं, "कोण वारलं?" म्हटलं, "बहिणीचे यजमान. जहाजावर होते." "अधिकारी होते का?" त्यांनी सहज विचारलं... आणि मी होकारार्थी मान हलवली. भावजी गेल्याची बातमी खिशात असताना मी त्यांना पुन्हा एकदा नाकारलं. हे लिहायला बसलोय ते त्यामुळेच.

दत्ताभावजी गलबतावर होते हे खरं. मालवण बंदरातून मुंबईला, मंगळुरूला जाणाऱ्या गलबतावर ते खलाशांचं जेवण रांधत. माझी बहीण माई गेल्यावर त्यांनी समुद्र सोडला. मूलबाळ नव्हतं. किनाऱ्याजवळचं कौलारू घर, चार माड आणि चूल, एवढाच त्यांचा संसार. वाडीत लग्न असो की बारसं, भावजी पंचा कमरेला खोचून तिथं रांधायला हजर. कुणी बोलवायची वाट पाहत नसत.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर माझी बदली मालवणला झाली आणि वर्षभर मी त्यांच्याकडे राहिलो. त्या वर्षाइतकं मी आयुष्यात कधी खाल्लं नाही, आणि इतकं मन लावूनही नाही. रविवार आला की भावजी पहाटेच मला हलवत, "ऊठ रे वसंता, आज खंय जाव्या?" बोटीनं देवगडला गेलो, तिथं खडकावरची कालवं फोडून तिथंच भाजून खाल्ली. दोडामार्गाकडे ओल्या काजूची उसळ खाल्ली, तेव्हा परतीची गाडी चुकली आणि आम्ही बरीच वाट चालत आलो. पिंगुळीला बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका घरात तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी मिळाली. तिथं भावजी जेवण झाल्यावर थेट चुलीपाशी जाऊन बसले आणि घरच्या बाईला म्हणाले, "वैनी, ह्यो लसणीचो वास असो कसो गो राखलंस?" कुडाळच्या खानावळीतसुद्धा हेच. खानावळवाला आधी भडकला, मग त्यानं वड्यांच्या पिठाचं गुपित सांगून टाकलं. मला ते म्हणत, "भूक लागल्यार माणूस कायपण खाता रे. भूक नसताना खाल्लेला लक्षात रवता."

घरी आल्यावर ते तेच करून बघत. मी खोबरं खवायचो, ते पाट्यावर वाटायचे. माशाच्या आमटीत तिरफळं ठेचायची की अख्खी घालायची यावर आमची भांडणं होत. माई गेल्यावर ते घर पहिल्यांदा बोलतंय असं गंगाकाकी म्हणायची.

वर्ष संपत आलं तेव्हा जिल्ह्याहून एक मोठे साहेब दौऱ्यावर आले. माझी मुंबईची बदली त्यांच्या हातात होती. त्यांना घरचं मालवणी जेवण हवं होतं, आणि मी मोठ्या तोऱ्यात त्यांना दुपारी घरी बोलावलं. भावजी आदल्या दिवसापासून खपत होते. सुरमई स्वतः बंदरावर जाऊन निवडून आणली, वडे केले, सोलकढी केली. माजघरात केळीची तीन पानं मांडली. खुंटीवर त्यांचा धुतलेला सदरा अडकवला होता. वाढून झालं की अंग पुसून, तो घालून तेही आमच्याबरोबर बसणार होते.

साहेब बसले. पहिल्या घासालाच त्यांचे डोळे मिटले. तेवढ्यात भावजी कढीचं भांडं घेऊन दारात आले. उघडं अंग, घामाच्या धारा, खांद्यावर धुरकटलेला पंचा... साहेबांनी कौतुकानं विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमच्याकडे स्वयंपाकाला आहेत."

मला कुणी भाग पाडलं नव्हतं. जिभेवर आपसूक आलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तसं नव्हतं. त्यांच्या त्या पंच्याची मला लाज वाटली होती.

भावजींनी भांडं खाली ठेवलं. मग वाकून तिसरं पान उचललं, नीट दुमडलं आणि आत नेऊन ठेवलं. परत आले आणि कधी न बोललेल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "साहेब, कढी वाढू का?" मलाही त्यांनी तसंच विचारलं, "आपल्याला?" मी वाटी पुढे केली.

साहेब गेल्यावर ते विहिरीवर भांडी घासत होते. मी जवळ गेलो. "भावजी, मघाशी मी..." त्यांनी वर न बघता विचारलं, "पोटभर जेवलंस मा?" मी हो म्हटलं. माफ केलं त्यांनी, असं मी धरून चाललो. त्यात माझी सोय होती.

बदली झाली. पुढची दहा वर्षं मी दर मे महिन्यात मालवणला जात राहिलो. ते तसंच रांधत, तसंच वाढत. "तुम्हीही बसा ना," म्हटलं की म्हणत, "तू जेव, माका मगे बरा पडता." रविवारच्या भटकंतीचा विषय मात्र पुन्हा कधी निघाला नाही.

तेराव्याला गंगाकाकी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. कोपऱ्यात लग्नकार्यातलं मोठं तपेलं आडवं पडलं होतं. कल्हई उडालेली, आत गवत, आणि गवतावर काकीची कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"हे असं कसं पडलंय?" मी विचारलं.

"तुका म्हायत नाय?" काकी म्हणाली. "तू मुंबैक गेलंस, तेच्यानंतर दत्तू कोणाकडे रांधूक गेलोच नाय. माझ्या चेडवाच्या लग्नात मी पाय धरलंय तेचे. तर माका म्हणालो, 'काकी, मी आचारी नाय.' सोतासाठी पेज नि सुको बांगडो. तू इलंस काय तेवडो तुझ्यासाठी रांधी."

मी खाली बसलो. मग त्या दुपारचं सगळं तिला सांगितलं. तो सदरासुद्धा. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आनि धा वर्सां तू हंय बसान जेवलंस?"

बाहेर तेराव्याची पंगत बसत होती, मला हाका येत होत्या. काकी उठून गेली. मी तिथंच बसून राहिलो. कोंबडीनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पंख पसरून त्या तपेल्यात ऊब धरून बसली.