जगदेवरावांचा शेवटचा तास

मी विज्ञान शिकवते. भूतबित मानत नाही, आणि मानणाऱ्यांशी वाद घालायलाही आता दम उरलेला नाही. तरी जगदेवरावांबद्दल सांगायचं, तर हे सांगावंच लागेल.

जगदेवराव आमच्या बडोद्याच्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. पणतवाकडे नुसती जुनी स्कूटर, पण बसायचे त्याच ताठ्यात. २००९ साली शाळेत डिजिटल फळा आला. पेनाने लिहायचं, बोटाने पुसायचं, आकृती हवी तशी फिरवायची. पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी त्याच्यावर खडूने वर्तुळ काढलं! कंपनीचा माणूस ओरडला, "अरे साहेब, आ शुं करो छो?" जगदेवराव खजील झाले आणि मग हट्टालाच पेटले. रोज शाळा सुटली की दोन-दोन तास त्या फळ्यापुढे. पादरा गावाहून येणाऱ्या मुलांची बस चुकायची, म्हणून त्यांच्यासाठी प्रत्येक तास फळ्यातच रेकॉर्ड करून ठेवायचे. खडू सुटला, पण तास संपल्यावर दोन्ही हात झटकायची सवय काही सुटली नाही. आणि रेकॉर्डिंग बंद करायला हमखास विसरायचे.

घर बडोद्यातच, अकोट्याला. एका सकाळी पत्नी अहल्याबाई वैतागून म्हणाल्या, "त्या फळ्याशीच लग्न करायचं होतं!" एरवी हा माणूस भाजी आणायला निघाला तरी उंबऱ्यात थांबून "येतो" म्हणायचा, आणि बाईंनी "या" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. त्या दिवशी काही न बोलता गेले. संध्याकाळी परतताना अकोट्याच्या पुलावर स्कूटर कडेला लावून बसले, ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून अहल्याबाईंनी दाराला कडी लावणं सोडलं. दिवसा नाही, रात्री नाही. शेजारी रागावले, मी तर चक्क भांडले. "बाई एकटी राहता, कोणी आत शिरलं म्हणजे?" त्यांचं एकच, "ते सांगून गेले नाहीत हो, राजेश्वरीबेन. मी दार कसं लावू?"

इकडे शाळेला गणिताचा शिक्षक मिळेना. म्हणून दहावीला त्यांचे जुने तास लावून मी शेजारी बसू लागले. पडदे ओढलेले, खोलीत अंधार. फळ्यापुढे माणूस नाही, पेन नाही, आणि त्यांचं तिरपं अक्षर आपोआप उमटत जायचं. मध्येच आवाज यायचा, "खिडकीतून काय बघतेस? इकडे लक्ष दे." खिडकीशी बसलेली मिताली दचकून मान वळवायची, कारण पडद्याच्या फटीतून ती खरंच बाहेर बघत असायची. मी पोरींना दटावलं, "अगं, खिडकीशी बसलेली प्रत्येक पोर बाहेरच बघते!" पण खोटं कशाला सांगू, अंगावर काटा माझ्याही यायचा. शेवटच्या दिवशीचा तास लावायचा मला कधी धीर झाला नाही.

अकरा महिने गेले आणि कंपनीने कळवलं की सोमवारी फळ्यात नवं सगळं भरणार, जुनं पुसलं जाईल. त्या फायली दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर उघडतही नव्हत्या. शनिवारी शाळा सुटल्यावर अहल्याबाई आल्या. "शेवटच्या दिवशीचा तास ऐकवा. त्यात काही बोलले असतील तर."

रिकाम्या वर्गात आम्ही दोघीच. वर्तुळ उमटलं, स्पर्शिका उमटली. घंटा झाली, बाकं सरकली, पोरांचा गलका जिन्यावरून उतरला. रेकॉर्डिंग नेहमीप्रमाणे चालूच. शांतता. हात झटकल्याचा आवाज. खुर्ची सरकली. आणि मग दाराशी, अगदी स्पष्ट, "येतो."

कोणाला म्हणाले? वर्गात तर कोणी उरलं नव्हतं.

अहल्याबाईंनी पदर तोंडावर दाबला. किती तरी वेळ हुंदके देत राहिल्या. मी पाठीवर हात फिरवला, बाटलीतलं पाणी दिलं, त्या प्यायल्या, पुन्हा रडल्या. फळ्यातून चकार आवाज नाही. शेवटी त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या."

तेव्हा पावलं वाजली. वर्गाच्या दारापासून जिन्यापर्यंत, मग एकेक पायरी खाली. अहल्याबाई मान हलवत ऐकत राहिल्या. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

सोमवारी कंपनीच्या माणसाच्या आधी मी शाळेत हजर. मोजल्याशिवाय मला चैन कुठलं! हातात घड्याळ घेऊन तो तास पुन्हा लावला. "येतो" म्हणाले आणि तीन सेकंदांत पावलं वाजली. परत लावलं. तीनच सेकंद. शनिवारचं ते सगळं रडणं, पाणी पिणं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. मी तिसऱ्यांदा लावायला हात पुढे केला. तेवढ्यात मागून त्या माणसाने विचारलं, "बेन, जूनुं बधुं काढी नाखुं?"

"काढी नाखो, भाई," मी म्हणाले.

संध्याकाळी अहल्याबाईंना सांगायला अकोट्याला गेले. काय सांगणार होते ते देव जाणे. सवयीने दार ढकलून आत शिरायला गेले, तर दार हलेना. पुन्हा ढकललं. आतून कडी होती. बेल कुठे आहे हेही मला शोधावं लागलं.

"कोण आहे?" आतून अहल्याबाईंनी विचारलं.